पाटावर न बसलेली सुरी

आमच्या आळीत सुरी निवडायची आणि जावई निवडायचा, रीत एकच. दोन्हीकडं तोंड बघायचं. लखलखीत आहे ना, मग झालं. माझ्या बापानं मला अशीच दिली. आमचे हे दिसायला देखणे, नाक सरळ, फेटा बांधला की वाटेवरचा माणूस वळून बघायचा. बापाला वाटलं, पोरीनं नशीब काढलं. कामाचं विचारायचं राहूनच गेलं.

आमची कातडी कमावणाऱ्यांची आळी. निपाणीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. विहिरीवरची मोट आमची, देवळातला नगारा आमचा, पायातली वहाण आमची, आणि आमची सावली मात्र कुणाला नको. असो. ते सगळ्यांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांना सांगून काय उजेड पडणार आहे. मी सांगतेय ते सुरीचं.

जनावराचं कातडं उतरवलं की आतल्या अंगाला मांसाचे तुकडे, चरबी आणि एक चिवट पापुद्रा राहतो. तो खरवडून काढल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना मूठ असलेली लांब सुरी लागते. ओंडका तिरका लावायचा, त्यावर कातडं पसरायचं, ओंडक्याच्या टोकाला पोट टेकायचं आणि दोन्ही हातांनी सुरी पुढं रेटायची. म्हणजे ही सुरी कापायची नव्हे, रेटायची. फार धारेची झाली की मांसाबरोबर कातडं खाते. केसाळ कातडं असलं तर केसांची मुळं उघडी पडतात, आणि चार दिवसांत केस असे गळतात की खरूज झालेलं कुत्रं बरं. पातं थोडं बाकदार हवं, ओंडक्याच्या गोलाईवर बसेल असं. जड हवं. आणि धार म्हणाल तर अर्धवट.

माझी सासू सुरी बघायची तर आपल्या हातावर फिरवून. म्हणायची, "केस निघालं तर ती न्हाव्याची. मळ निघाला तर आपली."

हे सगळ्या आळीला माहीत होतं. मला अजून राग येतो तो याचाच. माहीत असून माणसं खंडेनवमीला काय करायची? दसऱ्याच्या आदल्या दिवशी घराघरांत हत्यारं पाटावर मांडायची, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. इथवर ठीक. पण मग पुरुषमंडळी घोळक्यानं एकमेकांच्या घरी पाट बघत फिरायची. कुणाची सुरी जास्त चमकते! त्या चमकेपायी आधी आठ-दहा दिवस प्रत्येक घरात दगडावर सुऱ्या घासल्या जायच्या, विटेच्या भुकटीनं उजळल्या जायच्या, अगदी आरशासारख्या. वर्षभर हाताखाली मुरलेली धार त्या आठवड्यात मातीत. पुढं दिवाळीपर्यंत आमच्या आळीतून एक कातडं धड निघायचं नाही. चांभारही म्हणायचे, दसऱ्याचं कातडं घेऊ नका रं. आणि आमचे शहाणे पुढच्या वर्षी पुन्हा विटा कुटायला बसायचे. देवापुढं शोभा पाहिजे ना. देवानं कधी ओंडक्याला पोट लावलं असतं म्हणजे कळलं असतं.

त्यात दुसऱ्या लढाईच्या दिवसांत आमचे हे बेळगावला गेले. तिथं कॅम्पात पलटणीचं जुनंपानं सामान विकायला काढलं होतं. येताना फडक्यात गुंडाळून एक सुरी आणली. विलायती. दोन्हीकडं काळ्या लाकडाच्या मुठी, पितळी कड्या, पातं सरळसोट आणि त्यात तोंड दिसावं असं. ह्यांनी सगळी आळी गोळा केली आणि मनगटावरचे केस भादरून दाखवले. लोकांनी माना डोलावल्या.

सासूनं सुरी हातात घेतली, उलटसुलट केली, खाली ठेवली. "सुताराची हाय," म्हणाली.

"आये, तुला काय कळतंय त्यातलं? सायबाची हाय."

"मग सायब सुतार असंल."

सासूची स्वतःची सुरी म्हणजे एक ध्यान होतं. सासऱ्यांनी गाडीच्या चाकाच्या झिजलेल्या धावेचं लोखंड ठोकून केलेली, काळी, पोटाशी बाक आलेली, एक मूठ फुटली म्हणून चिंध्या गुंडाळलेली. दर वर्षी नवरात्र बसलं की ती घरातून नाहीशी व्हायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, हरवली. मग एकदा जळणाला शेणी काढताना त्यांच्या रचलेल्या उडवीच्या पोटात हाताला लागली. सासू म्हणाली, "गप ऱ्हा. दसरा झाला की काढू. न्हायतर ही मानसं तिला न्हाऊ घालत्यात."

आता ती विलायती सुरी आली त्या वर्षाचं. ओढ्याच्या पलीकडं एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं नवी वखार बांधली होती. त्याचं म्हणणं, आमच्या कातडी भिजवायच्या हौदांचा वास त्याच्या तंबाखूला लागतो. तंबाखूला वास लागतो! ज्याच्या वखारीवरून जाताना बैल शिंकायचे, त्यानं हे म्हणावं. पण जमीन इनामदाराची, आणि व्यापाऱ्याचं इनामदाराकडं उठणं-बसणं. हौद वर माळावर न्या, असं बोलणं सुरू झालं. माळावर पाण्याचा थेंब नाही. कातडं भिजवायचं कशात, धुवायचं कशात? हौद माळावर जाणं म्हणजे आळीनं चुली विझवून निघून जाणंच होतं. त्या महिन्यात मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

आणि खंडेनवमीच्या सकाळी इनामदाराची गाडी आळीच्या तोंडाशी आली. गाडीत बिबट्या. जवळच्या डोंगररानात पहाटे मारलेला. मारला इनामदाराच्या शिकाऱ्यानं, पाय ठेवून उभे राहिले इनामदार. खंडेनवमीला आम्हा सगळ्यांची हत्यारं खाली, सरकारांची बंदूक तेवढी वर. देव त्यांना ओळखत असणार.

इनामदाराचा कारभारी गाडीतूनच बोलला. "सरकारांना बसायला कातडं पाहिजे. केसांसकट. कोजागरीला न्यायला येतो. काम चोख झालं तर हौद हाय तिथं ऱ्हातील. एका जागचं जरी केस गेलं, तर हौद माळावर. ऐकलं का रं?"

"जी," आमचे हे म्हणाले.

गाडी गेली. बिबट्याचं कातडं आमच्यातल्या दोघांनी साध्या चाकूनं ओढ्याकाठी उतरवलं, ते चाकू पाटावर नव्हते म्हणून चाललं. पण खरवडायचं कशानं? आळीतली एकूणएक सुरी कुंकू लावून पाटावर बसलेली, आणि दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा बापजाद्यांपासूनचा नियम. चार जाणते ओट्यावर बसले. एक म्हणाला, उद्या संध्याकाळी उचलू. दुसरा म्हणाला, तसंच करावं लागंल. तिसऱ्यानं मान हलवली. चौथ्याला तंबाखू पाहिजे होती.

आश्विनातलं ऊन डोक्यावर चढत होतं. सासू कातड्याजवळ गेली, कानाच्या मुळाशी नाक नेलं आणि परत आली. "उद्या संध्याकाळपतोर कानं गळून पडतील," म्हणाली. "मग सरकारास्नी बिनकानाचा बिबट्या द्या."

"मग काय करू? पूजंतलं हत्यार उचलू? पाप लागंल," आमचे हे म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. वाईट माणूस नव्हते ते. नुसते देखणे होते.

"तू दिव्यात तेल घाल," सासू म्हणाली. "माझी सुरी पाटावर न्हाय."

ओट्यावरचा एकजण म्हणाला, पूजा न झालेलं हत्यार कसं चालंल? त्यावर सासू जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही. अर्थ एवढाच की, ज्याला अडचण असेल त्यानं हौद डोक्यावर घेऊन माळावर जावं.

उडवीतून सुरी काढली. घराच्या मागं ओंडका लावला. केस राखायचे म्हणून चुना नाही, मीठ आणि तुरटी कुटून ठेवली. पाठीचा भाग सासूनं काढला. ती रेटायची तेव्हा चरबी सुरीपुढं गोळा होऊन येत होती, आणि खाली कातडं कसं पांढरं, ओलं, अखंड. पोटाचा भाग आला तशी ती थांबली. पोटाचं कातडं पातळ असतं, तिथंच सगळ्यांचा हात चुकतो. तिची नजर अधू झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं सुरी माझ्या हातात दिली नाही. हत्यार हातातून हातात दिलं की भांडण होतं म्हणतात. जमिनीवर ठेवली आणि बाजूला सरकली.

"घे. आन् घाबरू नगं. ही सुरी बोथटच हाय, तुला चुकायचं म्हटलं तरी चुकू द्यायची न्हाय."

मी घाबरले होते, तरी घेतली. काखेत, जांघेत, ओठांच्या कडेला, इंच इंच रेटत गेले. पाठ मोडून आली. पुढच्या अंगणात आळीचे पुरुष पाट बघत फिरत होते, आणि आमच्या पाटावरच्या विलायती सुरीला वाहवा मिळत होती. मला इकडं ऐकू येत होतं. दिवस कलायच्या आत आम्ही कातडं मिठात घातलं. आमच्या ह्यांनी दिवसभर दिवा विझू दिला नाही. तेही कामच म्हणायचं.

कोजागरीला कारभाऱ्याबरोबर आमचे हे कातडं घेऊन वाड्यावर गेले. पुढचं त्यांनीच येऊन सांगितलं. कातडं दुरून जमिनीवर ठेवायला लावलं. भटजींनी त्यावर गोमूत्र शिंपडलं. मग इनामदार स्वतः आले, हात फिरवला, कानाचे केस ओढून बघितले, पोटाचे ओढले. तंबाखूवालाही बसला होता, त्यानं जरा जोरातच ओढले. एक केस हाताला आला नाही. इनामदार म्हणाले, "हौद ऱ्हाऊ देत तिथंच." व्यापाऱ्यानं हात धोतराला पुसला.

इथंच उठून यायचं की नाही? पण इनामदारांनी विचारलं, "कंच्या हत्यारानं केलास रं?" आणि आमच्या ह्यांनी काखोटीचं फडकं सोडून विलायती सुरी पुढं ठेवली. ती बरोबर कशाला नेली होती, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

इनामदारांनी पात्यात आपली मिशी बघितली. "फक्कड हाय," म्हणाले. "ही इथंच ऱ्हाऊ दे. बिबट्याच्या वर भिताडाला टांगू." आणि टांगली. पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला ती दाखवायचे, बघा, ह्याच सुरीनं. कुणी शहाणा नीट बघायला गेला असता तर त्या पात्याला चरबीचा वासही नव्हता. पण शोभेच्या वस्तूचा वास कोण घेतो.

हे घरी आले ते तोंड पाडून. हौद वाचले म्हणून सगळी आळी नाचत होती, आणि आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. घराघरांत विटा कुटल्या गेल्या. आमच्या पाटावर झेंडूची फुलं, नारळ, आणि मधे रिकामी जागा. माणसं पाट बघायला यायची वेळ झाली तसे आमचे हे आत-बाहेर करायला लागले. शेवटी मागच्या दारी आले. सासू ओंडक्यापाशी बसून सुरीच्या मुठीला नवी चिंधी बांधत होती. त्या वर्षी तिनं ती उडवीत लपवली नव्हती. लपवायची गरज उरली नव्हती.

"आये," हे अगदी हळू म्हणाले, "तेवढी तुजी सुरी दे की. पाट रिकामा दिसतोय. लोक काय म्हंतील?"

सासूनं चिंधीची गाठ दातांनी ओढली.

"तिला बसायला सवड न्हाय, हौदावर काम पडलंय. पाटावर तूच जाऊन बस. दिसायला बरा हायस."

मला हसू आवरलं नाही. नवऱ्यासमोर तोंड उघडून हसायची माझी ती पहिलीच वेळ. मग सासूनं सुरी जमिनीवर ठेवली, मी उचलली, आणि आम्ही दोघी ओढ्याकडं गेलो.