शिरी लावायला कुणी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही — आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी काढायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुला सांगतोय, कारण तू मला ओळखत नाहीस. आणि ओळखत असशील तर चांगला माणूस म्हणूनच ओळखत असशील. तेच तर खुपतंय.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला पहिला मी. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. वडील माणच्या माळावर मेंढरं राखायचे. मी साताऱ्यात नोकरीला लागलो आणि सुट्टीला त्याच माळावर जीप घेऊन जायला लागलो. वडील हसायचे. "आमचं पाय तुटलं त्या माळावर, आन् ह्यो डिझेल जाळून तितंच चाललाय मजा कराय!"

आमचा जीपवाल्यांचा गट होता. डांबर संपायचं तिथून आमचा रविवार सुरू व्हायचा. पण माळावरची वाट कुणाच्या तरी रानातून जाते, आणि एकदा दांडगाई केली की गाव ती वाट कायमची बंद करतं. म्हणून गटातल्या काही स्वयंसेवकांसाठी शिबिर ठेवलं होतं — परवानगी कशी मागायची, गाड्यांची रांग कशी न्यायची, रान होतं तसं मागे कसं ठेवायचं. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारकाका. "लीडर म्हंजे म्होरं पळनारा न्हवं रं," ते म्हणायचे. "म्होरं असून ज्याचं ध्यान मागं, त्यो लीडर."

काय दिवस होते ते! दिवाळीनंतरची कोवळी थंडी, बॉनेटवर ठेवलेले चहाचे कप, सगळ्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या. आणि सुनंदाताई. सांगलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्याची जीप विकवेना, म्हणून चालवायला शिकल्या. डब्यात भडंग, पिशवीत गुळाची ढेप — चहा त्यांना गुळाचाच लागायचा. पोरं चिडवायची, "ताई, ही जीप आहे का किराणा दुकान?" त्या म्हणायच्या, "दुकान असतं तर तुला दारात उभं केलं नसतं." मला मात्र भडंगाची मूठ जास्त मिळायची. का, कुणास ठाऊक. माझी आई शाळेत गेलेली नाही हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

मी हे लांबवतोय का? लांबवतोयच.

शेवटच्या दिवशी रांगेचा लीडर मी. वॉकीटॉकी दोनच — एक पहिल्या गाडीत माझ्याकडं, दुसरा शेवटच्या गाडीत सुनंदाताईंकडं. परवानगी मागायलाही मीच गेलो, भाषा माझी म्हणून. बिरूआबा नावाचे म्हातारे मेंढपाळ लिंबाखाली बसले होते. मेंढरं कुंपणाबाहेर चरत होती. "जावा की," ते म्हणाले. "पर शिरी मागारी लावा. आत किरळ फुटलीया."

शिरी म्हणजे बाभळीची काटेरी फांदी. कुंपणाच्या तोंडाशी ओढून ठेवली की तेच आमचं फाटक. आणि किरळ म्हणजे कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेला कोवळा पाला. दिसायला हिरवागार, मेंढराच्या पोटात गेला की विष. आमच्या सगळ्या रांगेत हे कळणारा माणूस एकच होता. मी.

शिरी मीच ओढून बाजूला केली. शेवटची गाडी अजून वळणापलीकडं होती. पुढं लगेच चढ — आणि वर सुभेदारकाका कमरेवर हात ठेवून उभे. तो चढ मला एका दमात मारायचा होता. थांबून वॉकीटॉकीवर ताईंना 'शिरी लावा' एवढे दोन शब्द बोलायचे, तर वेग मोडणार. वर गेल्यावर सांगू, म्हटलं. वर गेलो. काका म्हणाले, "वा रं गड्या!" पाठोपाठ बाकीच्या गाड्या आल्या, टाळ्या वाजल्या — आणि मी विसरलो. विसरलो हे खरं आहे. पण कबुली विसरण्याची नाही.

खालून आबांची आरोळी आली. आम्ही धावलो. मेंढरं आत शिरली होती. काही आडवी, पोटं फुगलेली, तोंडाला फेस. "गूळ हाय का कुनाकडं? गूळ!" आबा ओरडले. किरळीच्या विषावर आमच्याकडं उतारा तोच. सुनंदाताई ढेप घेऊनच पळत आल्या, पाण्यात कालवली. मी मेंढरांचे जबडे धरले — लहानपणी शिकलेलं हात विसरत नाहीत — आणि ताई गुळाचं पाणी ओतत राहिल्या. एक गाभण मेंढी वाचली. बाकीची आमच्या मांडीवर गेली.

मग आबा उठले. "शिरी का लावली न्हाई?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हणालो — अगदी सहज, स्वच्छ आवाजात — "मी वॉकीटॉकीवर सांगितलं होतं. शेवटच्या गाडीनं लावा म्हणून."

ते ऐकू आलं होतं का, हे सांगू शकणारं माणूस एकच. ताईंनी कमरेला लावलेल्या वॉकीटॉकीकडं पाहिलं. कोपरापर्यंत गूळ, पदराला फेस. "खरखर होती खूप," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नसेल. माझंच चुकलं, आबा." आणि त्या म्हाताऱ्याच्या पायाशी वाकल्या.

मी उभा होतो. एक वाक्य लागलं असतं.

परत जाताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला — तुझ्यामुळं एक तरी जीव वाचला, म्हणाले. पुढं गटाचा लीडर मीच झालो. ताई पुन्हा आल्या नाहीत. जीप विकली त्यांनी. नंतर एकदा सांगलीच्या बाजारात भेटल्या. आबांची मेंढरं अजून डोळ्यांपुढं येतात म्हणाल्या, कान तपासून घेतले म्हणाल्या, आणि माझ्या हातात भडंगाची पुडी ठेवली. मी घेतली. खाल्ली.

आता नव्या पोरांना शिबिरात मी शिकवतो. माझा एक नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे — शेवटच्या गाडीकडून 'लावली' असं उत्तर आल्याशिवाय पहिली गाडी हलायची नाही. नियम का केला ते सांगताना दरवर्षी तीच गोष्ट सांगतो: एक बाई होत्या, त्यांना ऐकू आलं नाही. नाव घेत नाही. त्यालाही मी मोठेपणा समजत होतो.

यंदा कोरेगावची एक पोरगी होती, तोंडानं फटकळ. तिनं हात वर केला. "सर, पण तुम्ही नक्की सांगितलं होतं ना?" सगळे हसले. मीही हसलो.

"व्हय," म्हणालो.

मी सांगितलं नव्हतं. बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. ताई अजून सांगलीतच असतात. घर मला माहीत आहे.