बाजूची सीट

एकतीस वर्षं त्याने शहराची बस चालवली. नऊ नंबरच्या मार्गावर त्याची गाडी असली, की उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा सांडत नाही, असं डेपोत म्हणायचे. तिथल्याच पोरांनी त्याला 'उस्ताद' हे नाव चिकटवलं. ते असं घट्ट बसलं की बायकोही रागावली की "काय उस्ताद?" म्हणायला लागली.

निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना उस्तादने अचानक नोकरी सोडली. "कंबर बोलायला लागली," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. कंबर ठणठणीत होती. झालं होतं असं, की एका सकाळी डावीकडून आलेला सायकलवाला त्याला दिसलाच नाही. वीतभर अंतराने वाचला. उस्तादने कुणाला न सांगता डोळे तपासून घेतले. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, समोर दिव्याचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ गेला तरी कडेचा ठिपका काही दिसेना. तो म्हणाला, "ताई, कडेचे ठिपके सुरू करा ना आता." तपासणारी बाई हळूच म्हणाली, "काका, निम्मं झालंय."

काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसत होतं, बाजूचं जग मात्र आत सरकत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. त्यानंतर आठ महिने तो घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. बायको म्हणायची, "अहो, जरा टेका कुठेतरी. फरशी झिजेल."

अशात शाळेपासूनचे दोन मित्र सहलीचं घेऊन आले. एक केमिस्ट. जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकला होता आणि नवी कोरी गाडी घेऊन बसला होता. दुसरा टेलर, बायकांचे कपडे शिवणारा. बसल्या जागी डोळा लागणारा सुखी जीव. डोंगरातल्या तळ्याकाठी चार दिवस राहायचं ठरलं.

निघताना बायकोने डोळ्यांच्या थेंबांची बाटली मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. "सकाळ-संध्याकाळ. आणि सांगून टाका हो त्यांना. मित्रच आहेत ना?"

"बघतो," उस्ताद म्हणाला आणि केमिस्टच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

शहर सुटायच्या आतच त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. केमिस्ट क्लचवर पाय ठेवूनच चालवत होता. गिअर टाकताना खाली मान घालून बघत होता. आरशात तर बघतच नव्हता. उस्तादने पहिला तासभर ओठ घट्ट मिटून काढला. मग एक शब्द सुटला, "आरसा." मग दुसरा, "गिअर उतरव." मग मात्र धरबंद राहिला नाही.

"अरे, उस्तादच्या हातात दे ना गाडी," मागच्या सीटवरून टेलर जांभई देत म्हणाला. "आपण सगळेच निवांत झोपू."

"घेतोस?" केमिस्टने विचारलं. त्याच्या आवाजात आग्रह नव्हता, पण विचारलं हे खरं.

"मी सुट्टीवर आलोय," उस्ताद म्हणाला, आणि पुढच्याच वळणाला ओरडला, "हॉर्न!"

तळ्याकाठच्या लॉजवर तिघांना मिळून एकच खोली होती. तीन खाटा, एक खिडकी, एक बाथरूम. मित्र कसे राहतात हे चाळीस वर्षांनी कळायची ती वेळ होती. केमिस्टला पंखा बंद हवा असे, टेलरला जोरात. उस्तादला काहीच नको असे, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. तो खाटेवर बसायचा, उठायचा, खिडकीशी जायचा, खाली जाऊन टायरची हवा बघून यायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बाथरूममध्ये शिरायचा आणि आतून कडी लावायचा. थेंब टाकून पाच मिनिटं डोळे मिटून बसावं लागे.

"लेका, आत काय प्रवासी उतरवतोस का?" टेलर दार वाजवायचा. "मला घाई आहे!"

दुसऱ्या दिवशी नावेत बसायचं ठरलं होतं. वाटेतल्या थांब्यावर एक बस आली. उस्ताद तिथेच खिळला. ड्रायव्हरने गाडी कशी लावली, दार किती वेळ उघडं ठेवलं, सगळं बघत राहिला. ती बस गेली, दुसरी आली. नाव सुटून गेली तरी त्याला पत्ता नव्हता. केमिस्ट काठावरून परत आला तेव्हा तापलेला होता.

"बसच बघायची होती तर घरी काय कमी होत्या?"

त्या दिवशी जेवताना तिघेही आपापल्या ताटात बघून जेवले.

तिसऱ्या दिवशी शिखराकडे निघाले. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. अर्ध्या चढावर समोरून एक बस आली. केमिस्टला गाडी मागे घेणं भाग होतं, आणि रिव्हर्स हाच त्याचा कच्चा विषय.

"मागे घे. सरळ. सरळ म्हटलं ना! चाक फिरवू नकोस!"

"अरे, थांब तू!"

"क्लच सोड हळू! अरे, हळू!"

गाडी बंद पडली आणि उताराने मागे घसरायला लागली. उस्तादने झडप घालून हँडब्रेक ओढला. बसवाल्याने हॉर्न दिला. मग त्या ड्रायव्हरनेच कड्याला घासून, इंच इंच करत बस काढली. जाताना त्याने केमिस्टकडे नाही, उस्तादकडे बघून मान हलवली. माझी माणसं ओळखतात मला, असं उस्तादला वाटलं.

केमिस्टने थोडं पुढे मोकळ्या जागेत गाडी नेली. उतरला. वळसा घालून आला, दार उघडलं आणि किल्ली उस्तादच्या मांडीवर टाकली.

"घे. तूच चालव. तीन दिवस माझं डोकं खाल्लंस. हौसेने गाडी घेतली मी. तुम्हाला घेऊन फिरावं म्हणून घेतली. मला येत नाही, मान्य. तुला येतं ना? चल, बस तिकडे."

टेलर पहिल्यांदाच टक्क जागा होता.

उस्ताद उतरला. चालवायच्या जागेवर जाऊन बसला. हात आपोआप स्टेअरिंगवर गेले. आठ महिन्यांनी हातांना काहीतरी धरायला मिळालं होतं. किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर रस्ता लख्ख दिसत होता. दरीची बाजू मात्र तो मान वळवेपर्यंत नव्हतीच.

"मला दिसत नाही रे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बाजूचं. काचबिंदू आहे. कमरेचं खोटं सांगितलं. गाडीतली माणसं मारली असती मी एखाद्या दिवशी."

केमिस्ट बोनेटला टेकून उभा होता.

"थेंब घालतोस?"

"घालतो."

"कुठून आणतोस?"

उस्तादने खाली बघितलं. "स्टेशनपलीकडच्या दुकानातून."

केमिस्टचा चेहरा उतरला. मघाच्या रागापेक्षा हे वेगळं होतं. "माझं दुकान तुझ्या घरापासून दहा पावलांवर. आणि तू आठ महिने गावाच्या दुसऱ्या टोकाला जात होतास? मला कळू नये म्हणून?"

"तुला कळलं असतं तर सगळे उस्ताद म्हणायचे थांबले असते."

"मी चाळीस वर्षं कुणाचं औषध कुणाला सांगितलंय का?" केमिस्टचा आवाज चिरकला. तो पाठ फिरवून रस्त्याने चालत सुटला.

"जा की मागून," टेलर म्हणाला. "मी गाडीपाशी थांबतो. दोघंही पायी निघालात तर मला शिवणकाम सोडून ड्रायव्हिंग शिकावं लागेल."

उस्तादने केमिस्टला गाठलं. दोघं चालत राहिले. केमिस्ट एकदा त्याच्या डाव्या हाताला आला, एकदा मागे पडला, पुन्हा पुढे आला.

"इथे दिसतो?"

"नाही."

"इथे?"

"आता दिसलास."

"बरं," केमिस्ट म्हणाला आणि तिथून उजवीकडे येऊन चालायला लागला. माफी कुणीच मागितली नाही.

शिखर राहिलंच. उतरून तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात आले आणि उस्तादने केमिस्टला दुपारभर रिव्हर्स शिकवला. टेलरला मधोमध खांब म्हणून उभं केलं होतं. तो दोनदा ओरडून पळाला, तिसऱ्यांदा हलला नाही. उस्ताद बाहेर उभा राहून हाताने खुणा करत होता. आत बसला की तोंड सुटतं, हे त्यालाच कळलं होतं.

परतीच्या प्रवासात तो मागे बसला. तरी उस्तादच तो. दर वळणाला पुढे वाकायचा. केमिस्ट म्हणायचा, "बोल, पण तासाला एकच." मग तो एक शब्द कधी खर्च करावा या विवंचनेत उस्तादचा तास जायचा. दोनदा भांडण झालं, एकदा टेलरने गाडी थांबवायला लावून उस्तादशी जागा बदलली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"रुसलाय अजून थोडा. उद्यापासून औषध त्याच्याकडूनच आण म्हणतो." तो उभाच होता. खिडकीशी गेला, परत आला.

पुढच्या सहलीवरून तिघांचं अजून जमत नाही. केमिस्टला समुद्र हवाय, तोही स्वतः गाडी चालवत. टेलर म्हणतो, कुठेही चला, पण खोल्या तीन घ्या. उस्तादचं एकच म्हणणं आहे, रेल्वेने जाऊ. तिथे निदान ड्रायव्हर शेजारी नसतो.