नास्तिकाने लढवलेला कौल

"वकीलसाहेब, तुम्ही स्वतः कौल मानता का?" रत्नागिरीच्या कोर्टात जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं.

"माझा अशील मानतो, साहेब."

बार रूममध्ये सगळे मला नास्तिक म्हणत, आणि मी त्यावर खूश असे. त्या दिवशी मात्र देवाच्या बाजूने उभा होतो.

कौल म्हणजे देवाला विचारलेला प्रश्न. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. राजापूरकडच्या एका गावात खोतांना नव्या घरासाठी देवराईतला जुना फणस तोडायचा होता. कौल लावला, डावी पडली. खोत भडकले. "गुरवाने उजवी मुद्दाम घट्ट चिकटवली," म्हणाले आणि धोंडू गुरवाची पिढीजात पूजाच काढून घेतली. पूजा गेली की देवळामागचं घरही जाणार. धोंडू रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला.

न मानणाऱ्याने हे काम घ्यावं का? मी मनाची समजूत घातली: देव खरा हे मला सिद्ध करायचं नाही, धोंडू खरा एवढंच करायचं आहे.

खोतांचे वकील भाऊसाहेब. कपाळाला गंध, संध्या झाल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. ते तावातावाने सांगत होते, "पाणी सुकलं की कळी पडते! त्यात देव कुठून आला?"

अहो, हे तर माझं भाषण! मला मेली चीडच आली.

मी खोतांना क्रॉसमध्ये धरलं.

"मुलीचं लग्न कौल घेऊनच ठरवलंत ना?"

"होय."

"कळ्या कुणी लावल्या?"

"ह्यानेच."

"तेव्हा उत्तर कुणी दिलं?"

"देवाने."

"आणि फणसाच्या वेळी?"

"गुरवाने!"

कोर्ट खो खो हसलं. पूजा धोंडूला परत मिळाली.

बाहेर भाऊसाहेब पुटपुटले, "आज आपण दोघांनीही घरी जाऊन आंघोळ करायला हवी."

तेवढ्यात धोंडू नारळ घेऊन आला. "खरं सांगू, वकीलदादा? तुम्हाला वकील करू का, म्हणून मी कौल लावला होता. देवानं डावा दिलान."

"मग?"

"परत लावला. परत डावा. मग म्हटलं, बाबा, कोर्टातलं तुला काय कळत न्हाय. पुन्हा लावला, तवा दिलान उजवा."

"त्या वेळी उजवी कळी जरा हलकीच लावलीस काय रे?"

धोंडूने नारळ फोडला. "खोबरं घ्या, दादा. गोड हाय."

तेव्हापासून एक नियम पाळला. निकाल लागल्यावर अशिलाची उलटतपासणी घ्यायची नाही.