हिरव्या बांगड्या

त्या सिस्टरचं नाव मले माहीत नाही. बायकोची अँजिओप्लास्टी मनगटातून होती, म्हणून हिरव्या बांगड्या काढायच्या होत्या. बायको म्हणाली, "नवरा जिता हाय माहा. फोडू नोको वं." सिस्टरनं साबण लावून एकेक बांगडी सरकवली. दर वेळी विचारे, "दुखते का, आजी?" शेवटी म्हणाली, "तुम्ही बाहेर आल्या की मीच घालून देईन."

हृदयाची नस दगडासारखी कडक निघाली. डॉक्टर फुगा फुगवत असताना ती फाटली आणि बायको आतच गेली.

सिस्टर मले आत घेऊन गेली. साबण लावून त्या थंड हातात बांगड्या चढवू लागली. "दुखते का, आजी?"

"मेल्या माणसाले काय दुखते वं?" मी खेकसलो.

"आजीले शब्द दिला होता, बाबा," ती म्हणाली आणि पुढची बांगडी आणखीच हळू सरकवली.