पंधरा टक्के आणि जुना लेथ

सीए बाईंचं ऑफिस काळेवाडीत आहे, मिठाईच्या दुकानावर. जिन्यात तुपाचा वास असतो. दादाची कंपनी स्थापन झाली तेव्हा आम्ही दोघं तिथे समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात. वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, नोकरीमुळे तिचं नाव घालता येत नव्हतं. म्हणून माझं घातलं. मी एका वर्तमानपत्रात डेस्कवर काम करते, उद्योगाचं पान लावते. कंपनीच्या कामाशी माझा संबंध सहीपुरता असेल, असं ठरलं होतं.

बाईंनी कराचे दोन दर समजावून सांगितले. बाकीच्या सवलती सोडल्या की बावीस टक्के कोणत्याही कंपनीला मिळतात. पंधरा टक्के फक्त नव्या उत्पादक कंपनीला, आणि तेही अटींवर. जुन्या धंद्याचा तुकडा तोडून ती उभी केलेली नसावी. मशीन नवी हवीत. वापरलेली असलीच तर त्यांची किंमत एकूण मशीनच्या एक पंचमांशापलीकडे जाता कामा नये. उत्पादन येत्या मार्चअखेरपर्यंत प्रत्यक्ष सुरू झालेलं हवं.

"पहिल्या रिटर्नबरोबर एकदाच सांगायचं," त्या म्हणाल्या. "नंतर मागे फिरता येत नाही."

"लग्नासारखंच म्हणा की," दादा म्हणाला.

"लग्नात घटस्फोट तरी असतो, सर."

दादा मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "जुनं एखादं मशीन नव्या शेडमध्ये जाणार आहे का?"

"एकही नाही."

त्या दिवशी ते खरं होतं.

पंधराचा आकडा दादाला का हवा होता, ते सांगायला हवं. चाकणजवळच्या एका मोठ्या कारखान्याने त्याच्याकडून बुशचे, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांचे, भाव मागवले होते. कराचा दर पंधरा धरून त्याने नफा कसाबसा बसवला, आणि भाव इतका खाली नेला की तीन वर्षांचं काम त्याला मिळालं. नवी शेड, नवी दोन मशीन, त्यांचं कर्ज, सगळं त्या भावावर उभं होतं. बावीस टक्क्यांत ते बसत नव्हतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, बाईंनाही.

दादाच्या जुन्या गाळ्यात धातू कातायचा एक लेथ होता. आमचे वडील पिंपरीतल्या ज्या कंपनीत आयुष्यभर कामाला होते, ती बंद पडली तेव्हा तिथली मशीन लिलावात निघाली. वडील ज्या लेथवर उभे राहायचे तोच दादाने घेतला. गाळ्यातले कामगार त्याला म्हातारा म्हणतात. खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू म्हाताऱ्याला. नवीन कोणताही पार्ट हातात आला तर पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, म्हाताऱ्यावर काढायचा आणि तो देवाच्या फळीवर ठेवायचा. मग बाकीच्या मशीनवर काम चढवायचं. ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्याविषयी कधी कुणी बोलतही नसे.

उत्पादन सुरू करण्याची मुदत सरकारने आधी एकदा वाढवली होती. ती पुन्हा वाढेल असं सगळा औद्योगिक पट्टा धरून चालला होता. अर्थसंकल्पाच्या दिवशी मी डेस्कवर होते. भाषण संपायच्या आत दादाचा फोन आला.

"मुदत वाढली का गं?"

"नाही. त्यावर काहीच आलेलं नाही."

"कागद नीट बघ. मागे बारीक अक्षरात असेल."

मी पाहिलं. नव्हतं.

नवी मशीन मार्चच्या सुरुवातीला येणार होती. मग मध्याला. मग विकणाऱ्याचा माणूस फोन उचलेनासा झाला. मार्च संपत आला तेव्हा दादाने मला चाकणच्या नव्या शेडच्या मुहूर्ताला बोलावलं. मी गेले. आतल्या जमिनीला ताजा हिरवा रंग होता. मशीन कुठे बसणार ते दाखवायला पिवळ्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले होते. चौकोन रिकामे होते. फक्त एकात म्हातारा उभा होता. त्याच सकाळी त्याला हायड्रा क्रेनने उचलून आणलं होतं.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"मुहूर्तापुरता. पहिला जॉब कशावर काढू, डोक्यावर?"

पूजा झाली. कारखान्याचा खरेदी खात्यातला एक साहेब पाहुणा म्हणून आला होता. त्याच्या हस्ते नारळ फोडला. वहिनीने पाटीवर खडूने 'पहिला जॉब' लिहिलं, खाली तारीख टाकली. तिचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं, लांबून वाचता येणारं. दादाने एका हातात बुश, दुसऱ्या हातात पाटी धरली आणि म्हाताऱ्याला टेकून उभा राहिला. सगळ्यांनी मोबाइल काढले. साहेबानेही काढला.

पण काम एका जॉबवर थांबलं नाही. मार्चअखेर जवळ होती आणि नवी मशीन नव्हती. दादाने म्हाताऱ्यावरच थोडे बुश काढून घेतले, कारखान्याला पाठवले, बिल केलं. बाईंनी एप्रिलमध्ये फोनवर विचारलं, उत्पादन मार्चमध्ये सुरू झालं का. दादा म्हणाला, "झालं मॅडम, बिलसुद्धा झालं." तो खोटं बोलला नव्हता. कशावर झालं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हिशेबाने जुनं मशीन तिथे नव्हतंच.

नवी मशीन एप्रिलच्या शेवटी आली. म्हातारा परत गेला नाही.

खंडेनवमीला बाई पहिल्यांदा शेडवर आल्या. रिटर्नची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीस होती. मशीनना झेंडूच्या माळा होत्या. बाईंनी प्रसादाचा पेढा हातात घेतला आणि त्या म्हाताऱ्यापाशी थांबल्या.

"हे कुणाचं?"

गाळ्यापासून दादाबरोबर असलेले मिस्त्री खेडकडचे. ते कौतुकाने पुढे झाले. "ह्यो म्हातारा. आपला मानाचा. ह्या शेडातला पयला जॉब ह्यानंच काढलाय, मॅडम."

"नव्या मशीनवर नाही?"

"ती कुठं आल्ती तवा? सगळा मार्चचा माल ह्याचाच हाय."

बाईंनी पेढा कागदात परत गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. आम्ही केबिनमध्ये गेलो. बाहेर आरती चालू होती, म्हणून दार लावून घेतलं.

"मॅडम, त्याची किंमत भंगाराची आहे," दादा म्हणाला. "नव्या मशीनपुढे पाच टक्केसुद्धा होणार नाही. एक पंचमांश कुठे?"

"आज नाही होणार. मार्चमध्ये तुमच्याकडे दुसरं काय होतं?"

दार नीट लागलंय का, ते दादाने पाहिलं.

"मार्चमध्ये उत्पादन सुरू झालं म्हणाल, तर ते वापरलेल्या मशीनवर. ते मशीन धरू नका म्हणाल, तर उत्पादन मार्चमध्ये सुरूच झालं नाही. मला तिसरं काही दिसत नाही."

"हा परत नेऊन ठेवतो. उद्याच."

"मशीन न्याल. बिल मार्चचं आहे."

"चाकणच्या शेडमध्ये बघायला येतंय कोण?"

"आज कुणी नाही. पण केस पुढे काही वर्षं उघडता येते. बावीस घ्या, सर. पंधरावर मी सही करणार नाही."

"आणि भाव?" दादा म्हणाला. "भाव मी देऊन बसलोय."

बाईंनी पर्स उचलली आणि दार उघडलं.

त्याच आठवड्यात हायड्रा आला आणि म्हातारा जुन्या गाळ्यात गेला. पिवळ्या चौकोनात तेलाचा डाग राहिला. तो घासला, तर हिरवा रंग निघून आला. चाकणमध्ये दुसरे एक कर सल्लागार होते. ते म्हणाले, होऊन जाईल. मी संचालकपदाचा राजीनामा दिला. माझ्या जागी वहिनीचा भाऊ आला. दादा रागावला नाही. म्हणाला, "तू पेपरवाली. तुला सगळीकडे बातमीच दिसते." रिटर्न मुदतीत गेलं. दर पंधरा टक्के. आता तो बदलता येत नव्हता.

काम चांगलं चाललं. तिसऱ्या मशीनची बोलणी सुरू झाली. दादाला मात्र एक सवय लागली. अनोळखी नंबर आला की तो उचलायच्या आधी आम्हाला दाखवायचा, हा कुठला असेल म्हणून.

काही महिन्यांनी त्या मोठ्या कारखान्याकडून आमच्या पानासाठी एक प्रसिद्धिपत्रक आलं. विषय होता, लहान पुरवठादारांना दिलेला आधार. सोबत एक छायाचित्र. मेल मीच उघडला. दादा म्हाताऱ्याला टेकून उभा होता, एका हातात बुश, दुसऱ्यात पाटी. मागे रिकामे पिवळे चौकोन. कारखान्याने ओळ दिली होती: नव्या कंपनीचं उत्पादन सुरू झालं तो क्षण.

नात्यातल्या माणसाची बातमी दुसऱ्याकडे सोपवायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी ती शेजारच्या सहकाऱ्याकडे दिली आणि कारण सांगितलं. त्याने फोटो मोठा केला.

"भाऊ का तुझा? भारी दिसतोय राव. मशीन पण एकदम जुन्या काळातलं. आणि पाटीवरची तारीख काय स्पष्ट येतेय बघ. ठेवू ना?"

"पान तुझं आहे," मी म्हटलं.

फोटो तीन कॉलम लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा मेसेज आला. पानाचा फोटो होता. पाटीभोवती लाल गोल काढलेला, दुसरा गोल लेथभोवती. मी त्याला फोन केला.

"गोल कशाला काढलेस?"

"मी नाही काढले," दादा म्हणाला. "मला असाच आलाय. नंबर सेव्ह नाहीये. तुला माहितीय का कुणाचा?"

त्याने नंबर वाचून दाखवला. मला माहीत नव्हता.