ओडोन बाचींचं हिरवं पाणी

आमच्या इमारतीच्या तळघरात नळ्यांतून गरम पाणी फिरवून घरं उबदार ठेवणारा बॉयलर होता आणि त्या बॉयलरपाशी बावीस हिवाळे ओडोन बाची. काका म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, पण वयाचा मान म्हणून सगळे त्यांना बाची, म्हणजे काकाच, म्हणत. माणूस महासंशयी. कोळशाचं फावडं साखळीला बांधलेलं. तळघराच्या दाराला बारीक दोरा, कोणी आत डोकावलं तर कळावं म्हणून. बायको सोडून गेली तेव्हा त्यांनी आधी घरातले चमचे तपासले, असं त्यांची सख्खी बहीणच सांगायची.

त्या जानेवारीत रोज सकाळी दाबाचा काटा खाली आलेला दिसू लागला. म्हणजे नळ्यांमधलं पाणी कुठेतरी जात होतं. बाची रोज नवं पाणी भरत. नव्या पाण्याबरोबर हवा आत शिरे आणि नळ्यांमधून वर चढत सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर जाऊन बसे. तिथे गिझी नेनीच्या, म्हणजे गिझेला मावशींच्या, खोलीत, रेडिएटरच्या वर, हवा सोडायची पितळी तोटी होती आणि तिची किल्ली एकोणीस वर्षं नेनीकडेच होती. गिरणीतून निवृत्त झालेली एकटी बाई. पहाटे उठून ती किल्ली फिरवायची, फुसफुस थांबून पाणी आलं की बंद करायची. पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून खाली काचेची बरणी धरायची.

ती बरणी बाचींच्या डोळ्यांत सलायला लागली. बाई फुकटच्या गरम पाण्याने कपडे धुते, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्यांचा भाचा खाणीत होता. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे झिरपतं ते बघायला खाणीत हिरवा रंग वापरत. बाचींनी त्यातला डबाभर आणून बॉयलरमध्ये ओतला आणि फक्त मला सांगितलं, कारण मी इमारतीच्या समितीवर होते. मी कुठे बोलले नाही. पण आठवडाभर गॅलरीतल्या दोऱ्यांवरचे कपडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. दुसऱ्याच्या बनियनवर संशय घ्यायला मजा येते, खोटं कशाला सांगू?

कपडे सगळ्यांचे जसेच्या तसे राहिले. हिरवी झाली ती गिझी नेनीची बोटं.

बाचींनी जिन्यात सगळ्यांना जमवलं. नेनी गुडघे सांभाळत खाली आली.

"बोटांना काय झालंय?" बाचींनी विचारलं.

"हवा काढताना पाणी उडतं हातावर. तुम्हाला माहीत नाही होय?"

"दोन थेंबांनी काटा उतरत नाही, गिझेलाबाई."

"मग आता येऊन माझी बादली बघा. माझे टॉवेल बघा."

बघायला कोणी गेलं नाही. बाचींनी हात पुढे केला, नेनीने गळ्यातल्या दोरीतून किल्ली काढून दिली. इमारतीच्या दारावर कागद लागला, त्यात तिचं नाव आणि 'पाणीचोरी' हा शब्द होता. खाली समितीतर्फे सही माझी होती. नेनीने पावाच्या दुकानात जाणंच सोडलं. आयुष्यभर कोणाचा सुताचा धागा उचलला नव्हता तिने, आणि आता दुकानात बायका तिच्यासमोर पिशव्या जवळ ओढत. तिला घर सोडून लेकीकडे जावं लागणार असं दिसत होतं.

चौथ्या दिवशी तिच्या खालची सगळी घरं गार पडली, माझंही. वरची हवा कोणी काढत नव्हतं, त्यामुळे त्या बाजूच्या नळ्यांमधून पाणी फिरेनासंच झालं. बाचींनी उलटाच अर्थ लावला, बाईने सूड म्हणून काहीतरी केलंय. आणि ते कोळसा ओतत सुटले. दोन दिवसांत महिनाभराचा ढीग संपत आला. रेडिएटर गारच. काटाही रोज उतरतच होता, तोटी बंद असूनसुद्धा.

ढिगाचा तळ लागला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. भिंतीलगतची फरशी हिरवीगार होती. कोळशाआडून गेलेली नळी गंजून फुटली होती, आणि कित्येक आठवडे पाणी तिथूनच जमिनीत मुरत होतं. तो ढीग बाचींनी स्वतः तिथे रचला होता, कोळसा कोणी नेऊ नये, सतत नजरेसमोर राहावा म्हणून.

त्यांनी नळी जोडून घेतली, कागद फाडला, आणि किल्ली घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. मीही मागे गेले. मला लाज वाटत होती आणि थंडीही.

"चुकलं माझं," बाची म्हणाले. मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "ही घ्या. तुमचीच आहे."

नेनीने किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमच्याकडेच ठेवा. रोज सकाळी साडेपाचला या आणि हवा तुम्ही काढा. मी खुर्चीत बसून बघेन. आणि जाताना खिसे दाखवून जायचं."

पुढचे चार हिवाळे बाची दुखरी कंबर धरून रोज ते जिने चढले. तोटीपाशी वाकले, हवा काढली आणि दारात उभं राहून एकेक खिसा उलटा करून दाखवला. एक दिवसही चुकवला नाही. दार माझ्या डोक्यावर दोन मजले वर होतं, तरी रोज कान तिकडेच असायचा.

बाचींनी चूक कबूल केली त्याच आठवड्यात मी नेनीसाठी गरम पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, भाजून नेले होते. नेनीने दाराची साखळी न काढता फटीतून एक उचलला, मोडला, आत काय आहे ते नीट पाहिलं आणि परत दिला.