पेच्चियम्माच्या रडण्यावर शिट्ट्या

पेच्चियम्माला चेन्नईला मी नेलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी ज्यांच्या नावानं बोटं मोडणार आहे, त्यांच्यात मीही आहे.

मी सिनेमाच्या गाण्यांत ढोलकी वाजवतो. मूळचा सांगलीचा, पण चेन्नईच्या कोडंबाक्कममध्ये, स्टुडिओंच्या वस्तीत, सव्वीस वर्षं गेली आणि बायको तमिळ, उसिलंपट्टीकडच्या खेड्यातली. सासरे गेले तेव्हा पेच्चियम्माला पहिल्यांदा ऐकलं. तिकडं मयताच्या घरी ओप्पारी म्हणतात. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याचं काय काय राहून गेलं ते गात रडायचं. घरच्या बायका रडतातच, पण त्यांच्या रडण्याला वाट दाखवणारी एक जाणती बाई लागते. त्या पंचक्रोशीत ती बाई म्हणजे पेच्चियम्मा. साठी ओलांडलेली, काटक, तोंडात कायम पान.

आली, शेजारणीला बाजूला घेऊन पाच मिनिटं काहीबाही विचारलं, मग सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसली आणि सुरू झाली. म्हातारा चहात बिस्किट बुडवून विसरायचा आणि गाळ बायकोच्या नावानं खपवायचा, इथपासून सगळं काढलं. रडता रडता बायका हसल्या आणि हसता हसता माझी सासू पहिल्यांदा मोकळी झाली. मी एवढा वाजवणारा माणूस, पण तिच्या श्वासाची जागा मला एकदाही आधी ओळखता आली नाही.

नंतर मी म्हटलं, "अक्का, तेच पुन्हा एकदा म्हणाल का? मला चाल लक्षात ठेवायचीय."

"वेडा आहेस का तंबी? एका मढ्याचं दुसऱ्याला चालत नाही. चपला आहेत का, कुणाच्याही पायात सरकवायला?"

तंबी म्हणजे तिकडं धाकटा भाऊ. मराठीतली तंबीही तिनं मला पुढं पुष्कळ दिली.

तीन-चार वर्षांनी आमच्या सरांकडं एक खेड्यातला सिनेमा आला. सर म्हणजे संगीत दिग्दर्शक जेयसीलन, पांढरे बूट घालणारा माणूस. नायिका मरते, तिथं त्यांना खरी ओप्पारी हवी होती. "शहरी पोरींचं रडं नको, मातीतलं आण," म्हणाले. मी आणलं.

चूक तिथंच झाली, आणि दोघांची झाली. मी तिला फक्त म्हटलं, "अक्का, चेन्नईला ओप्पारी म्हणायला चला." एवढ्या लांब नेतायत म्हणजे कुणी मोठं माणूस गेलं असणार, असं ती समजली. मळकं लुगडं नेसून, पान थुंकून, गंभीर तोंडानं स्टुडिओत शिरली. काचेमागची पोरं, माइक, खुर्च्या, सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "मढं कुठाय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर प्रेमळ आवाजात म्हणाले, "अम्मा, कुणी गेलेलं नाही. तुम्ही असंच म्हणा."

"असंच नाही म्हणत. कुणी मेल्याशिवाय घरात ओप्पारी म्हटली तर त्या घरातलं माणूस जातं."

"हे कुणाचं घर थोडंच आहे, अम्मा?"

तिनं भिंती पाहिल्या. खिडकी नाही, चूल नाही, दोरीवर धुणं नाही. हे काही घर नव्हे, हे तिला पटलं. पण तोंडाकडं पाहिल्याशिवाय तिला शब्द सुचत नव्हते. दोनदा सुरू केलं, दोनदा थांबली. मग तिनं डोळे मिटले आणि भलत्याच खालच्या आवाजात सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला नाव आलं.

पूंगोडी. ती पेच्चियम्माची एकुलती एक मुलगी. शेतात तुटून पडलेल्या विजेच्या तारेवर पाय पडून गेली होती, घरी अंगावर पिणारी सहा महिन्यांची पोर असताना. त्या दिवशी रडणाऱ्या बायकांना वाट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आईनंच लेकीची ओप्पारी म्हटली होती. नंतर कधीच नाही. "पूंगोडी, ऊठ गं, वेणीतला गजरा अजून सुकला नाही. ऊठ, पोर भुकेली आहे, पाजायला ऊठ." अकरा मिनिटं ती म्हणत होती. शेवटी एक हुंदका आला, तो गाण्यातला नव्हता. सर काचेमागं डोळे पुसत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर मला जास्त संताप येतो.

मयताच्या घरून आलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं. तिनं मला न्हाणीघर विचारलं. ते नव्हतं. मग गाड्या लावायच्या जागेत उभी राहून तिनं प्यायच्या पाण्याच्या चार बाटल्या डोक्यावर ओतल्या. पहारेकरी ओरडत आला, तेव्हा म्हणाली, "तुझ्या मालकाची मुलगी नाही मेली बाबा, माझी मेली. घेऊ दे आंघोळ."

सिनेमा पुढं बदलला. नायिका मरते हे निर्मात्याला सोसेना, तिला जिवंत ठेवली. मरण गेलं, पण अकरा मिनिटं सरांकडं राहिली.

आमच्या धंद्यात आता कुणी कुणाबरोबर वाजवत नाही. कानात तालाची टकटक देतात, तिच्यावर मी माझी ढोलकी वाजवून घरी जातो. वर काय येणार, कोण गाणार, कुणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. त्या सिनेमासाठी मी असाच एक झकास उडता ताल वाजवला. सगळे खूश झाले, मीही झालो.

गाण्यांच्या प्रकाशनाला आम्हा वादकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. दिवे गेले, माझी ढोलकी सुरू झाली, आणि एक पोरगी कमरेला झटके देत गाऊ लागली, "पूंगोडी, ऊठ गं ऊठ! गजरा सुकला नाही, पूंगोडी, ऊठ गं ऊठ!" दर ओळीमागं पेच्चियम्माचा तो हुंदका होता. दुप्पट पळवलेला, कापून कापून तालावर बसवलेला. तो आला की सभागृह शिट्ट्या मारायचं. वीस जणी आडव्या पडून उठत होत्या. उठणंच होतं ना गाण्यात!

मग सर बोलायला उभे राहिले. "ही चाल मला पहाटे स्वप्नात सुचली." मला वाटलं, उठून पांढऱ्या बुटांवर थुंकावं. नाही थुंकलो. टाळ्या वाजवल्या. शब्दांखाली एका कवीचं नाव होतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं लिहिलं की गाण्याला मातीचा सुगंध आहे. कसली माती रे? त्या मातीत बाई पुरलीय.

पेच्चियम्मानं ते गाणं बसमध्ये ऐकलं. आधी तिला कळलंच नाही. मग नाव ऐकलं, मग गजरा, मग स्वतःचाच हुंदका. तिनं बस थांबवायला लावली आणि रस्त्यात उतरली. गावी चालत गेली आणि तिथून मला फोन केला. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तंबी, मला त्या पांढऱ्या बुटाकडं ने."

सरांनी तिला कॉफी दिली, शालही पांघरायला निघाले. तिनं हात वर केला.

"शाल नको. गाणं तुम्ही ठेवा, नाचायचं तर नाचा. फक्त माझ्या पोरीचं नाव काढा."

"अम्मा, सगळा गोडवा त्या नावातच आहे. लहान पोरंसुद्धा म्हणतायत. नाव काढलं तर गाणं मरेल."

"मरू दे की! माझी पोर मेली तेव्हा तुमचं काय अडलं?"

सर माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, हिला समजावून सांग. मी म्हटलं, "सर, समजावण्यासारखं काही राहिलेलं नाही. नाव काढा." त्यानंतर त्यांनी मला वाजवायला बोलावलं नाही. यात माझी फुशारकी नाही. हे वाक्य मला सहा महिने आधी सुचायला हवं होतं.

नाव काही निघालं नाही. लग्नाच्या वरातींत, शाळांच्या सहलींत, चहाच्या टपऱ्यांवर पूंगोडी उठतच राहिली. आणि पेच्चियम्मा मयताला जायची बंद झाली. एका घरी ती बसली असताना कुणी टारगट मागून म्हणाला, "आजी, ते सिनेमातलं म्हण की!" ती तशीच उठून आली.

पोंगलनंतर मी तिला भेटायला गेलो. दुपार होती. अंगणात पूंगोडीची पोर, कयल, शेजारच्या दोन मुलींना घेऊन नाच बसवत होती. दहा वर्षांची, पायात घुंगरू, ओट्यावर फोन, फोनवर तेच गाणं. पेच्चियम्मा बाजारातून माझ्याबरोबरच आली आणि दारातच थबकली. हातातली पिशवी तिनं खाली टाकली.

"बंद कर ते!"

"अम्माच्ची, शाळेच्या कार्यक्रमात आहे!" आईच्या आईला तिकडं अम्माच्ची म्हणतात. "टीचरनं विचारलं, कुठलं गाणं घ्यायचं? मी म्हटलं, हेच. यात माझ्या अम्माचं नाव आहे. अख्खी शाळा अम्माचं नाव घेते! आणि मधे ती बाई हसते ना, तेव्हा माझी उडी आहे. बघ हां."

"हसत नाही ती," पेच्चियम्मा म्हणाली. "रडतेय. मी आहे ती."

पोरगी उडी मारायच्या बेतात होती, तशीच राहिली. शेजारच्या मुली काहीतरी निमित्त काढून घरी गेल्या. पेच्चियम्मानं तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. तार, गजरा, भुकेली पोर म्हणजे कोण, तो पांढरा बूटवाला, सगळं. जराही मऊ करून सांगितलं नाही. कयल रडली नाही. फोन उचलून तिनं गाणं बंद केलं आणि घुंगरू सोडत म्हणाली, "मग खरं कसं आहे ते म्हण."

"इथं नाही म्हणत, बाळ. हे घर आहे."

"हळू म्हण. माझ्या कानात."

"हळूसुद्धा नाही. तू आहेस या घरात."

पोरीनं घुंगरू खाली ठेवले, माझ्याकडं पाहिलं, मग आजीकडं. तिचा आवाज इतका वेळ शाळेतल्यासारखा होता, तो एकदम चढला.

"त्या बूटवाल्याला म्हणून दाखवलंस. सगळ्या तमिळनाडूनं ऐकलं. पाजायला ऊठ म्हणालीस ते माझ्यासाठी ना? मग मीच नाही का ऐकायचं?"